नारळ फुटण्याआधी

"मला एक खुर्ची करून द्या" असं केरबातात्या सुतारांना सांगणं हा शुद्ध गाढवपणा होता, आणि तो मी इस्लामपुरात बिऱ्हाड टाकल्यावर चौथ्याच दिवशी केला. लढाईचे दिवस होते. माझी सनद नवी, काळा कोट नवा आणि पक्षकार एकही नाही. निदान बैठक तरी भारदस्त दिसावी, एवढाच त्या खुर्चीमागचा विचार. आमच्या गल्लीच्या टोकाला तात्यांचं मेट होतं. सुतार ज्या छपराखाली काम करतो त्याला तिकडे मेट म्हणतात. तात्या जमिनीवर बसले होते. दोन्ही तळपायांत लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरून त्यावर तासायचा वाकस चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला पायजे?"

"बसायला."

"ती व्हय. बसून काय करनार?"

"वाचणार. लिहिणार."

"लिवताना फुडं वाकता का मागं रेलता?"

हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी वाकस खाली ठेवला, मला एका ओंडक्यावर बसवलं, पुढे फळी ठेवली आणि म्हणाले, "लिवा." काय लिहू, विचारलं तर म्हणाले, "तुमच्या आईला पत्र लिवा. लय दिस झालं आसतील." मी पत्र लिहीत होतो आणि हा माणूस कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती फिरत होता. पान खाता का, जेवून लगेच बसता का, कंटाळा आला की पाय हलवता का, असे पंधरा-वीस प्रश्न झाले. उलटतपासणी म्हणजे काय, ते मी कोर्टात नाही, त्या ओंडक्यावर शिकलो. शेवटी निकाल लागला.

"डाव्या कोपरावर लय भार टाकता. खुर्चीचं हात रुंद करावं लागतील."

आणि मग त्यांनी आपला नेम सांगितला. तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मी नंतर शेजारी राहून तो इतक्यांदा ऐकला की झोपेतही म्हणून दाखवीन.

"म्हैनाभर वापरा. बोचलं, डुगडुगलं, सांगितल्यालं काम झालं न्हाई, तर परत आना. लाजायचं न्हाई. मी बी रागवनार न्हाई. आन काम झालं तर नारळ घिऊन या. हितं उंबऱ्यावर फोडू. नारळ फुटला की वस्तू तुमची. त्येच्या आधी ती माझीच."

पैशाला ते नारळ फुटल्याशिवाय हात लावत नसत.

खुर्ची झाली ती झकास झाली. एक बारीकशी गोष्ट होती, पण ती सांगण्याजोगी नव्हती. डाव्या हाताच्या फळीत, नेमक्या कोपराखाली, लाकडाची एक गाठ किंचित वर आली होती. इतकं विचारून, इतक्या मायेनं केलेली वस्तू. त्यात एवढ्याशा गाठीचं काय बोलायचं? मी जुन्या पंच्याची घडी करून कोपराखाली ठेवू लागलो. महिना झाल्यावर नारळ घेऊन गेलो. "बोचत न्हाई न्हवं?" तात्यांनी विचारलं. "छे, छे," मी म्हणालो. नारळ फुटला. खोबरं गल्लीतल्या पोरांनी पळवलं.

तात्यांच्या मेटात मागच्या भिंतीवर खुंट्यांची एक रांग होती. नवख्या माणसाला वाटे, इथं विकायचा माल टांगलाय. तो होता परत आलेला माल. चाळीस वर्षांच्या कामात लोकांनी नाकारलेल्या वस्तू त्यांनी मोडल्या नाहीत, जाळल्या नाहीत, दुसऱ्याच्या गळ्यात मारल्या नाहीत. काम करताना समोर दिसतील अशा टांगून ठेवल्या. मोजून पाच होत्या. एक पाळणा होता, त्याची कडी कुरकुरायची आणि बाळ दचकून उठायचं. एक पोळपाट होता, तो एका अंगाला किंचित उतरता होता. एक नांगर माळरानाच्या मुरमाड जमिनीत रुतेना म्हणून आला होता. एक पेटी होती, तिचं झाकण पावसाळ्यात फुगायचं. आणि पाचवं होतं बैलांचं जू.

त्या जुवाची हकिकत तात्या स्वतः होऊन सांगत. जू नेलेला शेतकरी महिना झाल्यावर नारळ घेऊन आला, झ्याक आहे म्हणाला. तात्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि त्याच्याबरोबर रानात गेले. बैलाच्या खांद्यावरचे केस बाजूला करून पाहिलं, तर उजव्या बैलाची कातडी लाल झाली होती. तात्या तिथूनच जू खांद्यावर टाकून परत आले. शेतकरी मागनं पळत, "आवं तात्या, काम व्हतंय की!" असं ओरडत होता.

"काम तुजं व्हतंय गड्या," तात्या म्हणाले होते, "वापर बैलाचा हाय. बैल बोलत न्हाई, म्हनून खांदा आपुन बघायचा."

हे सांगताना ते स्वतःवर खूश असत, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर खूश असे. दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणसाच्या चुका इतक्या उजेडात टांगलेल्या मी पाहिल्या नाहीत. आमच्या धंद्यात तर त्या फायलीत घालून वर दोरी बांधतात.

माझा पहिला पक्षकार तात्यांनीच पाठवला. जवळच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्यानं लाकडाच्या व्यापाऱ्याकडून विहिरीवर आडवी टाकायला तुळई घेतली होती. तिच्यावर मोटेचं चाक बसणार होतं. काम काय आहे ते त्यानं चारचौघांदेखत व्यापाऱ्याला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी तुळई तडकली. व्यापारी ती परत घेईना. लाकूड मागितलं, लाकूड दिलं, असं त्याचं म्हणणं. दावा उभा राहिला आणि तात्यांना मी जाणता साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं केलं. तात्यांनी आदल्या दिवशी पटका धुऊन घेतला होता. कानावरची पेन्सिल मात्र तशीच होती.

मुन्सफसाहेब गंभीर होते. त्यांनी तुळईचा तुकडा दाखवून विचारलं, "हे लाकूड चांगलं की वाईट?"

"कशाला?" तात्या म्हणाले.

"कशाला म्हणजे? विचारतोय त्याचं उत्तर द्या. चांगलं की वाईट?"

"साहेब, रागावू नगा. पर कशाला पायजे ते कळल्याबिगर कसं सांगू? ह्येचा देव्हारा करा, फुलावानी दिसंल. पाट करा, नातवापतुर टिकंल. मोटंवर घातलं तर मानूस मारंल. लाकूड तेच हाय."

मुन्सफांनी चष्मा काढून पुसला. दावा आम्ही जिंकलो. आमच्या कायद्यात याचं एक कलमच आहे. गिऱ्हाइकानं काम सांगून, विकणाऱ्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला आणि तो त्या कामाचा निघाला नाही, तर माल नाकारायचा त्याला हक्क आहे. मी ते कलम तात्यांना मराठीत समजावून सांगितलं. ते कौतुकानं ऐकत होते. पुढचं कलमही सांगितलं, की गिऱ्हाइकानं माल एकदा स्वीकारला की मग तो नाकारता येत नाही. "म्हंजी नारळ," तात्या म्हणाले. आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसू आलं, एवढंच मी आज म्हणू शकतो.

तात्यांना एकच मुलगा, मारुती. तो लढाईवर होता. पूल बांधायला सुतार हवेत म्हणून भरती करणारा हवालदार आला, तेव्हा तात्यांनी त्यालाही विचारलं होतं, पोरगं कशाला पायजे? पुलाच्या कामाला, असं उत्तर मिळाल्यावरच त्यांनी मारुतीला जाऊ दिलं. मारुती पंधरा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर मोठी करवत ओढायचा. ओंडका लाकडी घोडीवर तिरका चढवायचा, वर तात्या उभे, खाली मारुती, आणि दोघांत ती माणसाएवढी करवत वर-खाली चालायची. मारुती खालून तालावर काहीतरी गुणगुणायचा, असं गल्लीतले लोक सांगत. तो गेल्यापासून तात्या गडी लावून ओंडके कापत, पण गडी टिकत नसत. "ह्येला करवत वढता येती, पर माझ्यासंगं वढता येत न्हाई," अशी त्यांची तक्रार असे.

लढाई संपली आणि मारुती परत आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. इटलीतल्या कुठल्याशा नदीकाठी त्याला सुरुंग काढायला लावलं होतं, तिथं पाय उडाला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून त्याला एक पाय मिळाला होता. खाली बूट, वर पट्टे, दिसायला देखणा. फरशीवर, सडकेवर तो उत्तम चाले. पण आमच्या काळ्या मातीत रुतायचा आणि करवत ओढताना जोर दिला की घोट्यातून वळायचा. तो पाय वाईट नव्हता. तो या कामाचा नव्हता.

मारुती मोठा हसरा माणूस. मेटाच्या उंबऱ्यावर बसून तो गल्लीला लढाईच्या गमती सांगे, आणि त्याची बायको हौसा आतून ऐकत भाकरी थापत असे. तात्या त्याच्यासमोर गप्प असत. एकदाच, आम्ही दोघंच असताना, ते म्हणाले, "काम एक सांगून न्यालं, लावलं दुसऱ्याच कामाला. आन मोडल्यावर परत आनून दिलं. म्हंजी परतीचा नेम सरकारला बी ठावं हाय, वकीलसाहेब. आपल्यालाच तेवढा लागू न्हाई." कायद्यात त्याला कलम नव्हतं.

मग एका सकाळी मी मेटात कसल्याशा कामानं गेलो असताना पाहिलं, की तात्या जमिनीवर बसलेत आणि समोर मारुती ओंडक्यावर. माझ्या त्याच ओंडक्यावर.

"कशाला पायजे पाय?" तात्या विचारत होते.

मारुती हसला. "कशाला म्हंजी? चालायला."

"चालायला कुबडी बी चालती. नीट सांग."

मारुतीनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमच्यासंगं करवत वढायला."

तात्यांनी कानावरची पेन्सिल काढली. त्या दिवसापासून आठ महिने त्यांनी गावाचं काम फक्त पोटापुरतं केलं.

पहिला पाय बाभळीचा केला. तो जड झाला. मारुतीनं दोन दिवस वापरला आणि उंबऱ्यावर उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "तात्या, परत!" तात्या दिलखुलास म्हणाले, "आन हिकडं," आणि पाय भिंतीवर सहाव्या खुंटीला टांगला. दुसरा पांगाऱ्याचा, हलका फूल. तो जोरानं चिरला. पुन्हा "तात्या, परत!" सातवी खुंटी. बापलेकांचा तो खेळच झाला होता. मी मनात म्हणे, असा बाप आणि असं गिऱ्हाईक क्वचितच एकमेकांना भेटत असतील.

तिसरा पाय शिवणीच्या लाकडाचा. ढोलकीचं खोड करतात ते लाकूड, हलकं आणि न चिरणारं. ते कऱ्हाडाकडून आणलं. आतून मेंढीची मऊ कातडी लावली. मोच्याकडून पट्टे करून घेतले. खाली बोटांऐवजी बैलाच्या खुरासारखा रुंद तळ ठेवला, मातीत रुतू नये म्हणून. तात्यांचा हात अलीकडे थोडा कापायचा. ते एका जागी रंधा मारत, थांबत, बोट फिरवून पाहत, पुन्हा रंधा मारत. मी संध्याकाळी कोर्टातून येताना तिथं थबकत असे. एवढं लक्ष मी पुढे डॉक्टरांचंही कुणावर पाहिलं नाही.

ज्या दिवशी तो पाय बांधला त्या दिवशी निम्मी गल्ली मेटात होती. मारुती उठला. दोन पावलं टाकली. दाराबाहेर गेला, पावसाच्या चिखलात पाय रोवला, काढला, पुन्हा रोवला. मग आत येऊन घोडीवर चढवलेल्या ओंडक्याच्या खाली उभा राहिला आणि करवतीची मूठ धरली. तात्या वर चढले. आठ-दहा हात ओढले गेले. भुसा मारुतीच्या केसांवर पडत होता. आणि तात्या हसायला लागले. मारुती आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते खाली उतरले, आत गेले, देवापुढचा नारळ उचलून आणला आणि कोणी काही म्हणायच्या आत उंबऱ्यावर फोडला.

महिना झाला नव्हता. दिवससुद्धा झाला नव्हता. चाळीस वर्षांत जी घाई त्यांनी कधी केली नाही ती त्या दिवशी केली. नारळ फुटला त्या क्षणी मारुतीचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं. मी समोरच उभा होतो, मला ते दिसलं. मग त्यानं बापाकडं पाहिलं, तोंड मिटलं आणि खोबऱ्याचा तुकडा घेतला.

त्यानंतर दीड महिना रोज करवतीचा आवाज यायचा. खर्र, खर्र. गल्लीला बरं वाटायचं. हौसा लोकांना चहा करून द्यायची. मला एकदा वाटलं, मारुती गुणगुणत नाही. पण मी नवा पक्षकार मिळाल्याच्या गडबडीत होतो. असं वाटणं आणि पुढं जाणं, हे मी आयुष्यात बऱ्याचदा केलंय. पण त्या वेळचं माझ्या अंगाला चिकटून राहिलं.

मारुतीला ताप आला तो उतरेना. तिसऱ्या दिवशी बरळायला लागला. मोटार मिळाली ती मीच मिळवली, आणि आम्ही त्याला मिरजेला नेलं. दवाखान्यात पट्टे सोडून पाय काढला तेव्हा जो वास आला तो अजून माझ्या नाकात आहे. गुडघ्याखालचं मांस काळं पडलं होतं. मांडीपर्यंत लाल रेघ चढली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

बाहेर व्हरांड्यात हौसा भिंतीला टेकून बसली होती. मी तिला तेच विचारलं.

"रोज रगत येत हुतं, वकीलसाहेब," ती म्हणाली. "आतनं फडकी घालीत हुते. रोज रातीची फडकी मी फाटंला वढ्यावर धुत हुते, तात्यांना दिसू नये म्हनून. सांगते म्हनलं तर मला शपत घातली."

"पण का?"

"म्हनले, नारळ फुटलाय."

तात्या मागे उभे होते हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. आत गेले आणि मारुतीच्या खाटेशेजारी खाली बसले. संध्याकाळी मारुतीला थोडी शुद्ध आली. मी पायथ्याशी होतो.

"बोचत हुतं तर बोलला का न्हाईस रं?" तात्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

मारुतीनं मान त्यांच्याकडे वळवली.

"तुमी हसत हुता, तात्या," तो म्हणाला.

चार दिवसांनी तो गेला. डॉक्टरांनी मांडीतून पाय काढला होता, त्याचाही उपयोग झाला नाही.

गावी आल्यावर दिवस पार पडेपर्यंत तात्या मेटात गेले नाहीत. चौदाव्या दिवशी सकाळी गेले. मी मागोमाग गेलो, कारण मला भीती वाटत होती. त्यांनी तो शिवणीचा पाय मांडीवर घेतला होता आणि आत हात घालून बोटं फिरवत होते. फार वेळ फिरवत होते. मग माझा हात धरून आत घातला.

"हितं. लागलं?"

कातडीच्या टाक्यांखाली, लाकडात मागच्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. नुसता हात फिरवला तर कळणारही नाही. जोर दिला तरच लागे.

"बैलाला त्वांड न्हाई म्हनून त्येचा खांदा बघितला," तात्या म्हणाले. "ह्येला त्वांड हुतं, म्हनून मी बघितलंच न्हाई."

आणि ते रडले. साठी उलटलेला माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. नंतर त्यांनी तोंड पुसलं, भिंतीत आठवी खुंटी ठोकली आणि पाय तिथं टांगला. तो कुणी परत आणला नव्हता. त्यांनी स्वतःच तो परत घेतला.

तेव्हापासून त्यांनी कुणाचा नारळ घेतला नाही. लोक घेऊन येत, ते परत पाठवत. पैसे हौसाच्या हातावर ठेवायला सांगत, तेही वापर कसा आहे ते विचारूनच. आणि त्यांना एक नवीनच नाद लागला. काम संपलं की कानावर पेन्सिल, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि गावात निघायचं. तीस वर्षांपूर्वी दिलेल्या वस्तूंच्या घरी जायचं. दारात उभं राहून विचारायचं, "पाट बोचत न्हाई न्हवं? दार कुरकुरत न्हाई न्हवं?" लोकांना त्यांची कणव येई. "समदं ब्येस हाय तात्या, या, च्या घ्या," असं ते म्हणत. कुरकुरणाऱ्या दाराला आदल्या दिवशी तेल घालून ठेवत. तात्या चहा घेत आणि खाली मान घालून परत येत. चांगुलपणानं त्या माणसाला किती छळलं ते लोकांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. माझ्याकडे ते तीनदा आले आणि तीनही वेळा मी पंच्याची घडी कोपराखालून काढून मांडीवर घेतली आणि "छे, छे" म्हणालो.

संस्थानं विलीन झाली, कोर्टं हलली, आणि मीही सांगलीला आलो. विश्रामबागेत तेव्हा निम्मा माळच होता. तिथं दोन खोल्या घेतल्या. सामानात खुर्ची होतीच. एका दुपारी दारात तात्या उभे. इस्लामपूरहून मोटारीनं आले होते. फार वाळले होते. पटक्याखालचा चेहरा एवढासा झाला होता. हौसाचं विचारलं तर म्हणाले, तिला भावाकडं धाडली, तिथं शाळेत कामाला लागली, बरं चाललंय. पाणी प्यायले. मग खुर्चीकडे पाहिलं.

"बोचत न्हाई न्हवं?"

माझ्या तोंडात "छे" आलं होतं. पण या वेळी मला मारुतीचं उघडलेलं तोंड दिसलं. मी म्हणालो, "बोचतं, तात्या. डाव्या कोपराला. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, ते खचतील. पण ते झटकन पुढे आले. फळीवरून बोट फिरवलं, गाठ सापडली, तशी मान हलवली. पिशवीतून लहान रंधा काढला आणि जमिनीवर बसून, खुर्ची दोन्ही पायांत दाबून धरून, पाच मिनिटांत ती गाठ उतरवली. हात कापत होता, पण रंधा सरळ जात होता. "बसा," म्हणाले. मी बसलो, कोपर टेकलं.

"आता?"

"आता नाही बोचत."

त्यांनी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. सदऱ्याची बाही वर सारली आणि माझं कोपर उजेडाकडे फिरवून पाहिलं. तिथं सात वर्षांचा घट्टा होता, कातडी काळी आणि खरखरीत झालेली. त्यावर त्यांनी तळहात ठेवला. ठेवला तो काढला नाही.

"एवढी वर्सं का न्हाई सांगितलं, पोरा?"

मला त्यांनी याआधी कधी 'पोरा' म्हटलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला आणि बाही नीट खाली ओढून दिली.

निघताना मी घरातून नारळ आणला. या वेळी तरी तो घ्यावा, असं मला वाटत होतं. त्यांनी तो हातात घेतला, जरासा हलवून आतलं पाणी ऐकलं आणि परत माझ्या हातात ठेवला.

"नगं, वकीलसाहेब. नारळ फुटला की मानसाचं त्वांड बंद हुतं. ऱ्हाऊ दे तसाच. बोचायला लागलं की सांगा."

मी त्यांना मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. तिथं सडकेच्या कडेला एक लाकडी बाक होता, त्यावर सावलीला दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून तात्यांना जागा दिली. तात्या लगेच बसले नाहीत. आधी वाकून त्यांनी त्या बाकाच्या कडेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात फिरवला. "बोचत न्हाई न्हवं, बाई?" त्यांनी विचारलं. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. मोटार आली, आणि तात्या उत्तराची वाट पाहत तसेच वाकून उभे होते.